एक प्राध्यापक निवृत्त होतो, त्यानंतर

तालुक्याच्या गावातलं एक अनुदानित महाविद्यालय डोळ्यांसमोर आणा. कला, वाणिज्य, विज्ञान या तिन्ही शाखा, संस्था जुनी, इमारत बरी, बाराशे-पंधराशे मुलं. समजा, अर्थशास्त्राला तीन पूर्णवेळ जागा मंजूर आहेत. त्यातले एक सर साठ वर्षांचे झाले आणि मेअखेर निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, सरांची पोकळी भरून निघणार नाही असं भाषणांत सांगून झालं. एरवी अशी वाक्यं आपण ऐकतो आणि चहाकडे वळतो. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत मात्र हे वाक्य शासकीय पातळीवर खरं करून दाखवलं जातं.

मुलं वर्गात बसत नाहीत, शिक्षकांना शिकवायलाच वेळ नाही, नॅकच्या मूल्यांकनाची धावपळ, नव्या शैक्षणिक धोरणाचा गोंधळ, तासावर स्वस्तात राबणारे शिक्षक, अशा तक्रारी आपण सुट्या सुट्या ऐकत असतो. माझ्या मते त्यांतल्या बऱ्याचशा त्या एका न भरलेल्या जागेपाशी येऊन मिळतात. म्हणून सगळ्या प्रश्नांना हात न लावता त्या जागेचं पुढे काय होतं, एवढंच बघू.

जागा भरणार कोण?

आधी अनुदानित म्हणजे काय, ते. महाविद्यालय खासगी शिक्षणसंस्थेचं असतं, नेमणूक संस्था करते, पण मंजूर जागांचा पगार सरकार देतं. त्यामुळे जागा रिकामी झाली म्हणून संस्थेला उद्या जाहिरात देता येत नाही. आधी कार्यभार, म्हणजे त्या विषयाचे आठवड्याला किती तास होतात, याचा हिशेब सरकारच्या उच्च शिक्षण विभागाच्या विभागीय सहसंचालकांच्या कार्यालयाकडून तपासून घ्यायचा. मग बिंदुनामावली, म्हणजे रोस्टर. कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवणारा तक्ता. मग जागा भरायला सरकारची ना हरकत. मग विद्यापीठाकडून जाहिरातीला मान्यता, जाहिरात, अर्जांची छाननी, कुलगुरूंचे प्रतिनिधी आणि विषयतज्ज्ञ असलेली निवड समिती, मुलाखत, विद्यापीठाची मान्यता आणि शेवटी पगार सुरू होण्यासाठी पुन्हा सहसंचालक कार्यालय.

यातली प्रत्येक पायरी आपापल्या जागी ठीक आहे. आरक्षण नीट मोजलं जावं, तज्ज्ञ बाहेरचे असावेत, सरकारी पैसा मोघम खर्च होऊ नये, हे कोण नाकारेल? पण एक पायरी अडली की सगळंच अडतं. शिक्षकांच्या जागांचं आरक्षण विषयनिहाय मोजायचं की संपूर्ण संवर्ग एकत्र धरून, हा वाद देशभर झाला. महाराष्ट्रात त्यासाठी २०२१ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. २०२४ मध्ये सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गासाठी १० टक्के आरक्षण आलं, म्हणजे तक्ते पुन्हा तपासणं आलं. प्रत्येक वेळी फाइल मुंबई-पुण्याकडे गेली की इकडे अर्थशास्त्राचं एक सत्र संपलेलं असतं.

खरा अडथळा मात्र ना हरकतीचा. नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारने रिक्त जागांपैकी ४० टक्के भरायला परवानगी दिली. सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० जागा त्यात होत्या. भरती सुरू असतानाच करोना आला आणि मे २०२० मध्ये सरकारने खर्च आवरण्यासाठी नवीन भरतीवर बंदी घातली. मग नोव्हेंबर २०२१ मध्ये २,०८८ जागा भरायला मान्यता मिळाली आणि नवी प्राध्यापक भरती म्हणून तिचा गाजावाजा झाला. आकडा बारकाईने बघितला तर त्या २०१८ च्याच ३,५८० मधल्या उरलेल्या जागा होत्या. मधल्या तीन वर्षांत जे निवृत्त झाले, ते या हिशेबात कुठेच नव्हते. गळक्या टाकीत तीन वर्षांपूर्वीच्या पातळीइतकंच पाणी भरायचं ठरवलं, तर टाकी कधी भरणार?

मला यात सगळ्यात न पटणारी गोष्ट ही की निवृत्ती काही अचानक येत नाही. माणूस रुजू होतो त्याच दिवशी त्याच्या सेवापुस्तकात जन्मतारीख लिहिलेली असते. पुढच्या वीस वर्षांत कुठल्या महाविद्यालयात, कुठल्या विषयाची जागा कोणत्या महिन्यात रिकामी होणार, याची यादी आजच्या आज काढता येते. पूर आला की धावपळ समजू शकतो. वाढदिवसाची कसली धावपळ?

एका जागेवर दोन सीएचबी

जून उजाडतो. तास तर व्हायला हवेत. मग स्थानिक दैनिकात छोटी जाहिरात येते: तासिका तत्त्वावर भरणे आहे. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याचे पैसे. बोलताना सगळे सीएचबी (क्लॉक अवर बेसिस) म्हणतात, ‘तो सीएचबीवर आहे’ असं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. सीएचबीवाल्याला मात्र नऊ तासिकांची मर्यादा. म्हणून आपल्या सरांच्या जागी दोन जण येतात. दोघेही बहुतेक वेळा नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास झालेले, त्यातला एखादा पीएच.डी. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं. ती काढायला मुलांची दोन-तीन वर्षं सहज जातात. ती एकदाची निघाली, की पुढे हे.

पैशाचा हिशेब करू. २०२२ मध्ये सरकारने पदवी वर्गांसाठीचा दर तासाला ६२५ वरून ९०० रुपये केला. नऊ तास गुणिले ९००, म्हणजे आठवड्याला ८,१००. चार आठवड्यांचे ३२,४००. ऐकायला वाईट नाही. पण हे सगळे तास झाले तर. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, युवक महोत्सव, स्नेहसंमेलन, निवडणुकीसाठी इमारत ताब्यात, यात तास होत नाहीत आणि पैसेही मिळत नाहीत. आयोगाच्या हिशेबाने वर्षात शिकवायचे साधारण ३० आठवडे. त्यातला एकही तास बुडाला नाही असं धरलं तरी वर्षाचे २,४३,००० होतात. बारा महिन्यांवर पसरले तर महिना सुमारे वीस हजार. त्याच वर्गात, तोच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या नव्या पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं सातव्या वेतन आयोगानुसार नुसतं मूळ वेतन ५७,७०० आहे. महागाई भत्ता, घरभाडं वेगळं. आणि खुद्द विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा दर सुचवला आहे.

बिल कसं निघतं तेही बघण्यासारखं आहे. सीएचबीवाला रोज रजिस्टर भरतो: तारीख, वेळ, वर्ग, घटक, सही. महिनाअखेरीला विभागप्रमुखांची सही, प्राचार्यांची सही, मग कार्यालयातून ते सहसंचालकांकडे. त्याआधी विद्यापीठाकडून त्याच्या नेमणुकीला त्या वर्षापुरती मान्यता आलेली असावी लागते. ती यायला जितका उशीर, तितका पैशाला उशीर; मग कधीतरी दोन-चार महिन्यांचे एकदम जमा होतात. तोवर किराणा उधारीवर. पुढच्या जूनमध्ये पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, त्याच खुर्च्यांवर बसलेल्या त्याच माणसांसमोर. दहा दहा वर्षं असं करणारे लोक प्रत्येक जिल्ह्यात आहेत. सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या गावात तास घेतात, पेट्रोलचा खर्च वजा जाता काय उरतं ते घरी सांगत नाहीत. लग्नाच्या बैठकीत मुलगा प्राध्यापक आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न हमखास ठरलेला: ‘परमनंट की सीएचबी?’

आयोगाचा २०१८ चा नियम सांगतो की कंत्राटी नेमणुका एकूण अध्यापकांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसाव्यात. आपल्या अर्थशास्त्र विभागात तीन जागांपैकी एक अशी चालते, म्हणजे तेहतीस टक्के.

पूर्णवेळ जागा निघालीच, तर मुलाखतीआधी ‘रेट काय चाललाय’ ही चर्चा सुरू होते. पगार सरकारचा आणि निवड संस्थेची, या जोडणीतूनच या ‘रेट’ला, म्हणजे नेमणुकीसाठी मागितल्या जाणाऱ्या पैशाला, वाव मिळतो. सगळ्या संस्था तशा नाहीत, पण ज्याने चार मुलाखती दिल्यात त्याला कुठल्या तशा आहेत हे सांगावं लागत नाही.

उरलेले दोघे

विभागात आता दोन पूर्णवेळ आणि दोन सीएचबी. कागदावर चार माणसं, म्हणजे एक वाढलाच की! पण महाविद्यालयात शिकवण्यापलीकडे ढीगभर कामं असतात आणि तासावर पैसे घेणाऱ्याला ती सांगता येत नाहीत (सांगतात, फुकट, पण ते वेगळं). प्रवेश समिती, परीक्षा विभाग, अंतर्गत गुण ऑनलाइन भरणं, राष्ट्रीय सेवा योजनेचं युनिट आणि त्याचं सात दिवसांचं निवासी शिबिर, रॅगिंगविरोधी समिती, महिला तक्रार निवारण समिती, शिष्यवृत्तीचे अर्ज तपासणं, सरकारकडून येणारे दिवस साजरे करून फोटोंसह अहवाल पाठवणं. आधी तिघांत वाटलेलं हे सगळं आता दोघांत.

संशोधनाचंही तसंच. पीएच.डी.चा मार्गदर्शक पूर्णवेळ नियमित अध्यापकच होऊ शकतो. सहायक प्राध्यापकाकडे कमाल चार, सहयोगीकडे सहा, प्राध्यापकाकडे आठ विद्यार्थी. आपले निवृत्त झालेले सर सहयोगी असतील, तर तालुक्याच्या ठिकाणी सहा जणांची सोय त्यांच्यासोबत गेली. सीएचबीवाला स्वतः पीएच.डी. असला तरी त्याला मार्गदर्शक होता येत नाही.

आणि मग नॅक. १९९४ मध्ये स्थापन झालेली, बंगळूरला मुख्यालय असलेली ही परिषद महाविद्यालयांचं मूल्यांकन करते. सात निकष, चारपैकी गुण. या निकषांत मंजूर जागांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक किती, त्यांतले पीएच.डी. किती, एका शिक्षकामागे विद्यार्थी किती, हे विचारलेलं असतं. म्हणजे सरकारने जागा भरू दिली नाही, त्यामुळे महाविद्यालयाचे गुण कमी झाले, श्रेणी घसरली आणि श्रेणी घसरली म्हणून केंद्राचा निधी आणि स्वायत्तता दोन्ही लांब गेले. ही कसर भरून काढायची तर जिथे माणसं लागत नाहीत, फक्त कागद लागतात, तिथे गुण मिळवायचे. म्हणून उरलेले दोघे अर्थशास्त्रापेक्षा फाइली जास्त तयार करतात. मूल्यांकनाबद्दल फारसा आदर उरू नये अशी परिस्थिती आहेच; फेब्रुवारी २०२५ मध्ये तर तपासणी समितीतल्याच लोकांना लाचेच्या प्रकरणात सीबीआयने अटक केली.

मुलांना काय दिसतं?

विद्यार्थ्याला रोस्टर दिसत नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की यंदा शिकवणारे सर गेल्या वर्षी नव्हते आणि पुढच्या वर्षी असतील की नाही, ते त्यांनाही माहीत नाही.

त्यात नवं शैक्षणिक धोरण आलं. २०२० मध्ये जाहीर झालेलं हे धोरण राज्यात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं. क्रेडिट हे त्याचं चलन. पंधरा तास शिकवलं की एक क्रेडिट. पहिल्या सत्रात साधारण २२ क्रेडिट, त्यांतली मुख्य विषयाच्या वाट्याला जेमतेम सहा. बाकीची मुक्त निवडीचे विषय, कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहअभ्यास उपक्रम यांची. धोरणाची कल्पना मला आवडते: अर्थशास्त्राच्या मुलीने वनस्पतीशास्त्रातलं काही शिकावं, एक वर्षाने शिक्षण सुटलं तरी हातात प्रमाणपत्र असावं. पण निवड द्यायची तर निवडण्याजोगं काही असायला हवं आणि ते शिकवायला माणूस. लहान महाविद्यालयात मुक्त निवडीचा विषय कसा ठरतो? ज्या विभागाचा कार्यभार कमी भरतोय, तो विभाग विषय देतो. मुलं निवडतात असं म्हणायचं. खरं तर वेळापत्रक निवडतं.

तिसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामाचा अनुभव आहे, चार क्रेडिटचा, म्हणजे १२० तासांचा (इथे तीस तासांना एक क्रेडिट). पुण्या-मुंबईत ठीक आहे. तालुक्याला दोन बँका, चार पतसंस्था, एखादा साखर कारखाना आणि पंचायत समिती. तिथे एकाच वेळी शंभर मुलं पाठवायची कुठे आणि त्यांच्या मागे लक्ष ठेवायला जाणार कोण? तेच उरलेले दोघे.

आता मुलांच्या बाजूने बघा. बी.ए.च्या वर्गात साठ नावं आणि समोर बारा चेहरे, ही तक्रार प्रत्येक स्टाफरूममध्ये ऐकू येते. मुलं आळशी झाली, मोबाइलने वाटोळं केलं, वगैरे. काही अंशी असेलही. पण साठमधली किती जण एमआयडीसीत पाळी करतात, किती पुण्याला सदाशिव पेठेत एमपीएससीच्या अभ्यासिकेत आहेत आणि पदवीला फक्त ‘नाव टाकलंय’, हे कोणी मोजत नाही. एसटीचा पास घ्या. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत असतो. पदवीच्या पहिल्या वर्षाला ती गेली की मोफत संपतं. दोन तृतीयांश सवलत मिळते आणि एक तृतीयांश भाडं भरावं लागतं. घरात दोन बहिणी असतील तर हा आकडा बापाला दिसतो. ज्या दिवशी तीन तासांपैकी एकच तास होणार असतो, कारण सीएचबीवाले सर दुसऱ्या गावाला गेलेत, त्या दिवशी ती मुलगी येत नाही. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

शिष्यवृत्तीचं थोडक्यात सांगतो. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातून त्याने महाविद्यालयाचं शुल्क भरायचं असतं. पैसे थेट मुलाकडे जाणं चांगलंच. पण ते वर्ष संपत आल्यावर येतात आणि तोवर घरात काहीतरी निघालेलं असतं: आजारपण, खतं, बहिणीचं लग्न. पैसे खर्च होतात, महाविद्यालयाची बाकी राहते, मग दाखला अडतो. अनुदानित महाविद्यालयात ही रक्कम लहान असते. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयात तिच्यावर शिक्षकांचे पगार अवलंबून असतात, त्यामुळे तिथलं भांडण जास्त कडू होतं.

गोल फिरून तिथेच

कार्यभार विद्यार्थीसंख्येवर ठरतो, हे वर आलं नव्हतं, ते इथे महत्त्वाचं. वर्गात शिकवणं पातळ झालं की चांगली मुलं शहराकडे जातात. संख्या घटते. तुकडी बंद पडते. तास कमी भरतात. मग सहसंचालक कार्यालय सांगतं, अर्थशास्त्राला आता तीन जागांचा कार्यभारच नाही. जी जागा भरायची राहिली होती, ती आता भरायचीच गरज नाही. कधी तर नोकरीत असलेलाच माणूस अतिरिक्त ठरतो. आधी जागा रिकामी ठेवली म्हणून मुलं गेली आणि मग मुलं नाहीत म्हणून जागा गेली. कागदोपत्री दोन्ही निर्णय नियमाला धरून.

संस्थांनी यातून काढलेली वाट म्हणजे स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम: बीबीए, बीसीए, कॉम्प्युटर सायन्स. शुल्क जास्त, शिक्षक संस्थेचे, पगार संस्था ठरवेल तो. त्यालाही २०२४-२५ मध्ये धक्का बसला. बीबीए, बीसीए आणि बीएमएस तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेले, राज्यात त्यांना सीईटी सक्तीची झाली, जागा रिकाम्या राहिल्या. मग कित्येक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचं नावच बदललं, जुनाच माल नव्या बी.कॉम.च्या वेष्टनात दिला आणि प्रवेश सीईटीशिवाय सुरू झाले. कायद्याला वळसा घालण्यातली ही कल्पकता शिकवण्याच्या कामी आली असती तर बरं झालं असतं.

२०२१-२२ च्या केंद्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ४,६९२ महाविद्यालयं आहेत. उत्तर प्रदेशाखालोखाल देशात सर्वांत जास्त. संख्येच्या बाबतीत आपण मागे नाही. आत किती पूर्णवेळ शिक्षक आहेत, ते मात्र त्या आकड्यात दिसत नाही.

तुमच्या घरातलं कोणी पुढच्या जूनमध्ये प्रवेश घेणार असेल, तर इमारत, वाय-फाय आणि फाटकावर लावलेली श्रेणी बघून झाल्यावर कार्यालयात दोन गोष्टी विचारा. मुख्य विषयाला मंजूर जागा किती आणि त्यांतल्या पूर्णवेळ भरलेल्या किती? आणि गेल्या तीन वर्षांत त्या विषयाचे किती शिक्षक बदलले? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर नॅकसाठी दिलेला स्वयंमूल्यमापन अहवाल असतो. तो जाडजूड असतो, भाषा जड असते, पण दुसऱ्या निकषात शिक्षकांचा तक्ता सापडतो. त्यात मंजूर जागा आणि पूर्णवेळ शिक्षक यांचे आकडे वर्षवार दिलेले असतात. तेवढे वाचायला पाच मिनिटं लागतात.